लाल पट्टीची नळी

आजच्या निवृत्ती समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मॅनेजरसाहेब. मांडीवर गुच्छ सांभाळत बसलेले प्रमुख पाहुणे. ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ते आमचे वस्ताद. आणि मघापासून चहाच्या किटलीकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनांत भागणार नाही. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, त्यामुळे मुद्देसूद बोलता येत नाही. का सोडलं, ते तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या वस्तादांच्या लेकीला ठाऊक आहे. बाकीच्यांनी माना वळवू नयेत. वळवल्याच!

माझ्याआधीचे वक्ते म्हणाले, 'वस्ताद म्हणजे आपल्या कारखान्याचा श्वास.' काय टाळ्या पडल्या! मग मला सांगा, या श्वासाची तुम्हाला एवढी किळस का येत होती?

पाहुण्यांना कल्पना नसेल. आमच्याकडे काच तोंडाने फुंकतात. भट्टीतला तापलेला गोळा नळीच्या टोकाला घ्यायचा, एकाने फुंकायचा, तो दमला की तीच नळी दुसऱ्याच्या ओठाला. जो नळी वाटून घेतो तो आपला, अशी इथली रीत. काही वर्षांपूर्वी रक्तदान शिबिरात वस्तादांच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या नळीला लाल पट्टी! वेगळी खुंटी, वेगळा कप. वर, 'वस्ताद, मनावर घेऊ नका हं, आम्हाला पोराबाळांचं बघावं लागतं.' वा रे जिव्हाळा!

अहो शहाण्यांनो, तो विषाणू रक्तातून जातो, वापरलेल्या सुईतून जातो, शरीरसंबंधातून जातो, आईकडून बाळंतपणात बाळाला जातो. चहाच्या कपातून जात नाही. फुटलेल्या ओठाचं रक्त नळीला लागेल, अशी धास्ती होती? रास्त आहे. मग लस होती की! तीन टोचण्या घेतल्या असत्या तर पट्टी कशाला लागली असती? रंगाचा डबा आणायला सगळे धावले, दवाखान्याकडे एकाचेही पाय वळले नाहीत. साहेब, हसू नका. रंग तुमच्याच स्टोअरमधला होता.

वस्ताद, तुम्हालाही सोडत नाही मी. तुम्ही काय केलंत? कुठलासा काढा प्यायलात आणि 'खडखडीत बरा झालो' म्हणून सांगत सुटलात. यांनी लगेच मानलं; यांना काय, कुणी काहीही सांगावं! तुम्ही स्वतः चाकूने ती पट्टी खरवडलीत. आणि त्या दिवसापासून दवाखान्याचं तोंड पाहिलं नाहीत. का? कुणी पाहिलं तर पट्टी परत येईल म्हणून. गोळ्यांनी विषाणू दबला असता. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली असती. पण हा विषाणू ज्याला पोखरतो ते यकृत पडलं सोशिक. ते ना दुखतं, ना कुरकुरतं. आणि जेव्हा कुरकुरतं तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

तुम्हाला अजून उशीर झालेला नाही. हेच सांगायला मी उभा आहे.

तिसऱ्या रांगेतून डोळे वटारले जातायत. शपथ घातली होती मला. मोडतोय.

मंडळी, वस्तादांच्या यकृतात कॅन्सरची गाठ आहे. आता कशा माना खाली गेल्या! लेकीने हट्टाने तपासणीला नेलं, म्हणून ती सापडली. दवाखान्याच्या बाकावर मी शेजारी होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ एकच आहे, लहान आहे, बाकीचं यकृत धड आहे. तेवढा तुकडा काढू. उरलेलं वाढून जागा भरून काढतं." वेळ घालवला आणि गाठ वाढली, तर नसेतून औषध सोडणं, दुसऱ्याचं यकृत बसवणं, नाहीतर नुसतं दिवस ढकलणं. ऑपरेशनला सोमवारची वेळ मिळालीय. आणि वस्ताद म्हणतात, "नको रे. चारचौघांत बोभाटा होईल. मला मानाने जाऊ दे."

मानाने! यांच्याकडून!

हे पाहा यांनी तुमच्यासाठी केलेलं स्मृतिचिन्ह. सागवानी फळीवर बसवलेली तुमचीच नळी. पॉलिश मारलंय, पण तोंडाजवळ लाल रंगाचा ओरखडा राहिलाय. ज्यांनी रंगवली त्यांनीच भिंतीवर टांगायला दिली. ती तुमच्या हाती द्यायचं काम माझ्याकडे होतं. आधी मी ती फळीवरून काढतो. साहेब, स्क्रू ढिलेच आहेत, तुमच्या कौतुकासारखे. माझ्या टोचण्या झाल्यात, लेकीने नेऊन करवल्या. त्या नसत्या तरी ही ओठाला...

फूऽऽ.

काही झालं नाही. बसा खाली.

वस्ताद, झाला बोभाटा. आता लपवायला काही उरलं नाही. सोमवारी सकाळी मी रिक्षा घेऊन तुमच्या दारात उभा राहतो. येणार ना? काय म्हणालात? जरा मोठ्याने! "आधी ती नळी इकडे दे, गाढवा, धरायची अक्कल नाही. येतो."

ऐकलंत सगळ्यांनी? येतो म्हणाले!

तर, सभागृह दिल्याबद्दल साहेबांचे आणि निमूट ऐकल्याबद्दल आपले आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर आपण सर्वांनी उदार मनाने पोटात घालावं. आणि उद्या सकाळी लस टोचून घ्यावी, म्हणजे मीही तुमचं पोटात घालीन. तिसऱ्या रांगेची क्षमा मात्र इथे मागत नाही. ती रिक्षात मागेन, वस्ताद मध्ये बसले असले तरी.