निष्कर्ष निघत नाही

...आणि वर हे मशीन मलाच सांगतंय, "निष्कर्ष निघत नाही. पुन्हा प्रयत्न करा!" अहो, निष्कर्ष निघत नाही म्हणजे काय? हृदय आहे माझं, चौकशी समिती नाही! तुम्हाला सांगतो, छातीत पेसमेकर बसवून सहा महिने झाले, मी मजेत होतो. काडेपेटीएवढं यंत्र, हृदय जरा रेंगाळलं की आतून ढकलतं, चाललं होतं छान. तेवढ्यात लेकीनं हौसेनं हे मशीन आणलं. "बाबा, आता घरच्या घरी हार्ट बघायचं! दोन्ही अंगठे ठेवायचे, तीस सेकंद गप्प बसायचं, की झालं!" तीस सेकंद... गप्प... मी! अहो, पेसमेकर बसवताना टाके पडेपर्यंत मी डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्च्या किती वाईट आहेत ते सुनावत होतो!

पण बसलो. अंगठे ठेवले, ओठ मिटले. तीन... दोन... एक... "निष्कर्ष निघत नाही. पुन्हा प्रयत्न करा." बायकोनं ठेवले, "सर्व ठीक." जावयानं ठेवले, "सर्व ठीक." नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता, त्याला हात पुसायला लावून बसवला, तर त्याचंही सर्व ठीक! आणि मी ठेवले की... पुन्हा प्रयत्न करा!

हसू नका हो! भीती वाटते माणसाला. आतलं यंत्र बंद पडलं असेल का? तार निसटली असेल का? जिना चढताना चौथ्या पायरीवर थांबायचो आणि स्वतःच्या छातीला कान लावायला बघायचो... लागतो का कधी? मग अंगठे! आंघोळीआधी अंगठे, आंघोळीनंतर अंगठे, दोन घासांच्या मध्ये अंगठे! बायको अवाक्षर काढायची नाही, समोर नुसती बसून राहायची. मला वाटलं, बिचारी धसकली.

शेवटी मशीननं फोनमध्ये काढलेले दोनशे आलेख आणि हिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पेसमेकर तपासला. "उत्तम चाललाय!" मग मशीनचं पुस्तक मागितलं, शेवटचं पान उघडलं, मुंगीएवढी अक्षरं... "पेसमेकर असलेल्यांनी वापरू नये." म्हणाले, "काका, तुमच्या पेसमेकरचे ठोके बघून हे मशीन गोंधळतं. ठेवून द्या कपाटात."

सुटलो म्हटलं! इतकं हलकं वाटलं सांगू... वळून बघतो तर हिचा चेहरा पडलेला! "म्हणजे डॉक्टर, आता ह्यांना ते तीस सेकंद गप्प बसायला नको?" ऐकलंत? छत्तीस वर्षांचा संसार! आणि डॉक्टर पण असे, म्हणतात कसे, "काकू, रोज मनगटावर नाडी मोजा ना तुम्ही. अर्धा मिनिट. तीसपेक्षा कमी ठोके भरले तर मला फोन करा. आणि हो, मोजताना ह्यांना बोलू द्यायचं नाही."

झालं! रोज संध्याकाळी ही खुर्ची ओढते, माझं मनगट धरते, घड्याळाकडे डोळे लावते. डॉक्टरांनी सांगितलंय अर्धा मिनिट, ही पाच-पाच मिनिटं सोडत नाही. एकदा तोंड उघडलं, तर म्हणाली, "चुकवलंत! आता पहिल्यापासून." तिची बोटं गार पडलेली असतात, आकडा बरोबर भरेपर्यंत मनगट घट्ट आवळून धरतात, आणि भरल्यावरही हात तसाच राहतो... कळतं हो मला सगळं. पण विचारणार कसं? मोजणी चालू असते!