बादलीतलं तेच पाणी

नको, भिंतीला हात नका लावू ताई — रंग ओला आहे अजून. परवाच दिलाय. म्हणजे मालकच म्हणाले, नवीन माणूस बघायला येतंय तर एक हात मारून घ्या — लपवायला वगैरे नाही हो, घर बदलताना देतातच लोक रंग. या ना आत, चप्पल राहू द्या. काल रात्रभर मला एकच घोर, तुम्ही येणारच नाही. फोनवर ‘बघते’ म्हणालात ना, आणि ‘बघते’ म्हणणारी माणसं कशी असतात ते मला ठाऊक आहे, मीच तशी आहे. आधीची मंडळी तर दारातूनच परत गेली. वास येतो म्हणाली. येतो का तुम्हाला? खरं सांगा. मला नाही येत आता — आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही म्हणतात, तो बघायला आलेल्यांनाच येतो.

बाळाला ठेवा खाली, हात भरून आला असेल — तिकडे नको. त्या कोपऱ्यात नको, इकडे, दाराकडे डोकं करून. काही नाही, तिथे एसीचा झोत येतो. हो, बंद आहे, दिसतंय मला बंद आहे ते, पण सवय लागलीये. ही मेत्ता, माझी मुलगी. खोकला ना, असाच, सर्दीचा. शाळेतून आणतात एकमेकांकडून. मेत्ता, बाळाला नुसतं बघायचं, हात नाही लावायचा.

तर एसी. एसी मालकांचाच, तो इथेच राहणार, त्याच्यावर भाळूनच तर घेतलं हे घर. मेत्ताचे पप्पा चाकणला, थर्ड शिफ्ट, सकाळी येणार आणि दिवसभर झोपणार. तुमच्या मिस्टरांचंही तेच ना — मग तुम्हाला काय सांगायचं, दिवसा झोपणाऱ्या माणसाच्या घरात बाकीच्यांनी चोरासारखं वावरायचं. खिडक्या बंद, फटींना थर्माकोल, वर पडदे. आणि एसी केवढा बघा. मोठ्या हॉलचा आहे तो, मालकांच्या दुकानातला उरलेला, आणून बसवला या एवढ्याशा खोलीत. आम्हाला वाटलं, बरंच झालं, जितका मोठा तितका चांगला. पण होतं काय — तो पाच मिनिटांत खोली गार करतो आणि गप्प बसतो. हवेतला दमटपणा ओढून घ्यायला त्याला चालत राहावं लागतं, आणि चालायची तर वेळच येत नाही त्याच्यावर. मग गारवा असतो, पण ओल्या फडक्यासारखा. चादर अंगाला चिकटते. हुडहुडीही भरते आणि मान घामेजलेलीही असते. मग मी रिमोटवरचा आकडा आणखी खाली आणायची, की आणखी गार, आणखी चिकट — तुम्ही रत्नागिरीच्या, तुम्हाला दमट हवेचं काय नवल, तुम्ही सांभाळाल. आम्ही बीडची माणसं.

आणि तिथेच घोळ झाला. हसाल तुम्ही. आमच्याकडे गारवा म्हणजे पाणी. कूलरमध्ये ओता, वाळ्याच्या पडद्यावर मारा, अंगणात शिंपडा — हवा इतकी कोरडी की ओतलेलं पिऊन टाकते आणि वर गार वारा देते. माहेरचा कूलर होताच आमच्याकडे. तर एसी लावला की मी कूलरही लावायची. जोडीला. कारण कुणीतरी सांगितलं, एसीनं हवा सुकते, लेकराचा घसा सुकतो. मेत्ता खोकायची — थोडंसं — की मी म्हणायची, बघा, सुकला घसा. ओत अजून. आणि ओतायला पाणी कुठलं? नळाला एक दिवसाआड येतं, बीडच्या बाईच्या हातून पाणी वाया जात नाही. बाल्कनीत एसीच्या नळीखाली बादली लावलेली, ती भरली की उचलायची आणि कूलरमध्ये रिकामी करायची. कळलं ना तुम्हाला? ते मशीन बिचारं खोलीतलं पाणी काढून बाहेर टाकतंय आणि मी ते आत आणून पुन्हा हवेत सोडतेय. तेच पाणी. अख्खा पावसाळा. बीएस्सी आहे मी, फिजिक्स. शिकवणीच्या मुलांकडून बाष्पीभवनाची व्याख्या पाठ करून घेतलीये. मेत्ताच्या पप्पांच्या लक्षात आलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, घरातल्या घरात नदीजोड प्रकल्प केलास की. हसले ते. मीही हसले. मग कपाट सरकवलं.

काही नाही, थोडंसं काळं. कांद्यावर येतं ना, हाताला लागतं, तसलं. पुसलं, पुन्हा आलं. व्हिनेगरनं पुसलं, पुन्हा आलं. भिंत गार असते, दार उघडलं की स्वयंपाकघरातली कुकरची वाफ येते आणि त्या भिंतीवर जाऊन बसते — फ्रिजमधल्या बाटलीला घाम फुटतो तशी. कूलर केव्हाच माळ्यावर टाकला. खिडकी उघडून बघितली, तर पप्पांची झोप होईना, आणि पत्रा दाबायच्या प्रेसवर काम आहे त्यांचं, तिथे डुलकी लागली तर — म्हणून पुन्हा बंद केली. पण तुमचं असं नाही होणार. तुम्ही कूलर लावणार नाही. मालकांना सांगून लहान एसी बसवून घ्या. ते ऐकत नाहीत तसे. तुमचं ऐकतील.

का सोडतोय? ते — मेत्ताची शाळा लांब पडते. आणि डॉक्टर म्हणाले — डॉक्टर नाही, सासूबाई. सासूबाई म्हणाल्या, ही खोली आधी बदला. बोलतात त्या डॉक्टरांसारख्या. आम्ही तर आज उठून गेलो असतो, पण करार अकरा महिन्यांचा, मालक म्हणतात तुमच्या जागी माणूस आणा आणि डिपॉझिट घेऊन जा. ते हातात आल्याशिवाय दुसरीकडे दारात कोण उभं करतंय? म्हणून तुम्ही — म्हणजे तुम्हाला आवडलं तरच हो, जबरदस्ती थोडीच आहे. पण आवडलंय ना? कंपनीची बस कोपऱ्यावर थांबते. खालच्या सुमनताई इतक्या चांगल्या, रात्री कितीही वाजता हाक मारा, गाडी काढतात, सिग्नलबिग्नल काही बघत नाहीत — म्हणजे वेळ आलीच तर. वेळ कुणावरही येते.

ते ओढणीखालचं? मिक्सर आहे. जुना.

मग लावू मालकांना फोन? थंडीत सगळं सुकतं इथलं, डिसेंबरात तर भिंती कडकडीत — बाळ किती महिन्यांचं म्हणालात? सहा. म्हणजे तोवर रांगेल. उभं राहील की, भिंतीला धरून.

थांबा, नंबर शोधतेय. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे ताई, मी काही वाईट बाई नाही, मला फक्त ही खोली — हां, लागला बघा फोन, रिंग वाजतेय. मेत्ता, पदर सोड. नंतर सांग. बरं, सांग, लवकर सांग, काकूंना जायचंय —

“आई, बाळ इथेच झोपणार ना आता? मग माझा वाफेच्या मशीनचा छोटा मास्क त्याला देऊ या. मला आता मोठा बसतो.”