जांभईत निखळलेला जबडा

१९५६ सालची गोष्ट. दुखरा जबडा धरून पद्मजा वांद्र्याच्या दवाखान्यात नंबर लागायची वाट पाहत होती. शेजारी खारदांड्याची मथुरा कोळीण आणि तिची थोरली जाऊ पुतळाबाई बोलत होत्या.

"जांभई देताना जबडा निखळला, तेव्हा वाटलं, तोंड आता कधी मिटतच नाही," मथुरा म्हणाली.

"डॉक्टरांनी अंगठे आत घालून दाबला नि खट्कन बसला."

"बाय, चार वर्षं आपण बोलत नव्हतो, तरी तू मला घेऊन धावलीस."

"मग काय करणार? तुला हाकही मारता येत नव्हती."

"पंधरा दिवस ओरडायचं नाही म्हणतात. माझी मासळी कोण विकणार?"

"मी विकीन. आणि जांभई आली की हनुवटीखाली हात धर."

"मी विसरले तर तूच धर."