आक्काची पांढरी भिंत

सावरून बसा मंडळी, टाळ जरा खाली ठेवा! एक सवाल विचारतो — चित्र चांगलं कशानं होतं? हातानं की काळजानं? काय? पेटीवाले म्हणतात, रंगानं! अहो, मग रंगाचा दुकानदार केवढा चित्रकार झाला असता!

ऐका. वाघोशी नावाचं गाव. खाली धरण झालं, आठ दिवसांत पाणी गावात शिरणार! मुकुंदा पाथरवट तिथलाच, शहरात जाऊन जलरंगांत नाव काढलेला. त्याला थोरल्या बहिणीचा, सोनाक्काचा निरोप आला — "घर काही बरोबर नेता येत नाही रे बाबा. त्याचं चित्र तरी काढून दे, उशाशी ठेवीन."

आला मुकुंदा, टेकडीवर बसला. पण मनात नुसता संताप! काळा, निळा — भराभर सगळा कागद भरून टाकला. आक्काचं घर राहिलंच! मग वरून पांढरा रंग थापला. झालं! खालचा काळा वर आला, घराचा चिखल झाला! मंडळी, जलरंगात पांढरं वरून लावायचं नसतं, तिथं कागद कोरा सोडायचा असतो — आधीपासून! एवढा कलावंत, आणि हेच विसरला! रागात काय सुचतं हो?

कागद फाडून तणतणत घरी आला. बघतो तर काय — आक्का भिंतीला चुना देतेय!

"आक्का, वेड लागलं का तुला? चार दिवसांत बुडणार हे घर!"

"म्हणून काय झालं? नदी पहिल्यांदाच येणार माझ्या घरी. तिला मळक्या भिंती दाखवू?"

काय बाई असेल हो! मुकुंदा ढसाढसा रडला आणि तसाच टेकडीवर गेला. भिंतीपुरती जागा कोरडी ठेवून त्यानं बाकीचा कागद भिजवला. डोंगर, नदी, आभाळ, सगळं एकमेकांत विरघळू दिलं. पण त्या इवल्या जागेला थेंब लागू दिला नाही!

आक्कानं चित्र पाहिलं, चित्रातल्या भिंतीवर हलकेच बोट टेकवलं. म्हणाली, "अगंबाई, चुना वाळला की रे!"

ती होती तोवर चित्र तिच्या उशाशी होतं. आता शहरात चित्रांच्या मोठ्या दालनात आहे. लांबलांबून माणसं येतात आणि त्या कोऱ्या भिंतीपुढे थबकतात.

काय राखायचं ते काळजानं सांगितलं, हातानं राखलं! आता आपलं बघा. चिडचिड, हेवेदावे — कागद भरतोय आपण! आणि म्हातारपणी वरून पांढरं थापायला बसणार — माळ, दान, तीर्थयात्रा! बसेल का तो रंग? घरी जाताना जरा बघा मंडळी, आपल्या कागदावर कोरी जागा उरलीय किती!