पाटावर कोण बसणार

आमचं गाव चांदवड तालुक्यात, सगळं कांद्याचं शिवार, आन् काय सांगू तुम्हाला, बर्फ म्हणजे आम्हाला जत्रेतल्या गोळ्याचा ठाऊक. मी कबड्डी खेळायचो, घोटा धरला का सुटायचा नाय. त्यातच फौजेत भरती झालो आन् बदली लागली लडाखला.

तिथं हिवाळ्यात तळं गोठायचं आन् त्याच्यावर आइस हॉकी, पायात पात्याचे बूट, हातात काठी, चेंडूच्या जागी रबराची चकती. पहिला हिवाळा मी नुसता पडलो, लय पडलो. मंग पहिल्याच सामन्यात समोरचा गडी चकती घेऊन माझ्या बाजूनं निघाला, आन् मी काठी टाकली, खाली झेपावलो आन् त्याचा घोटाच धरला, सवय ती. मला बाहेर काढलं, पोरं हसून आडवी. आमचे लडाखी उस्ताद तेवढे हसले नाय, म्हणाले याला गोलात घाला, तिथं पडू द्या पाहिजे तेवढं.

मंग नोकरीभर गोलातच राह्यलो, फौजेच्या संघाकडून खेळलो. गोलवाल्याचं काम काय, तर गुडघ्यावर पडायचं, उठायचं, परत पडायचं. डॉक्टर म्हणे थांब आता, मी म्हणे एवढा हिवाळा खेळतो, असे लय हिवाळे गेले. खेळच तसा गोड होता. पेन्शनीत घरी आलो तवा गुडघे वाकतच नव्हते. कांदालागण बसून करायची असती, तर मंडळी एकटी वाफ्यात आन् मी बांधावर उभा.

तेही चाललं. पण औंदा पोरीचं, मनीषाचं लगीन ठरलं, आन् कन्यादानाला पाटावर बसायचं कोणी? मेहुणे म्हणाले दाजी, तुम्ही त्रास घेऊ नका, आम्ही दोघं नवरा-बायको बसतो. त्यांचं चूक नव्हतं हो. पण एकुलती एक पोर, तिचा हात दुसऱ्यानं द्यायचा, मला ते पटंना. तरी हो म्हणालो.

मांडवात मेहुणे पाटावर बसायला लागले तशी मनीषा उठली, म्हणाली मामा, थांबा. आबा, तुम्ही या, आईला घेऊन या. तिच्या मागं जावईबापू उठले, मंग गुरुजीबी पोथी घेऊन उठले, आन् सगळं उभ्यानंच झालं. हातावर पाणी पडलं तवा मला पुढचं काही दिसत नव्हतं.

आता पोर ओझरला नांदती. रोज फोन करती, आबा, गुडघ्याला तेल लावलं का म्हणून. तेलानं आता काय होत नाय, पण तिनं विचारलं म्हणून लावतो. सुखात राहा गं बाई, एवढंच म्हणतो.