विचारून जाणारी रेखा

अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलीच्या हातात पिशवी द्यायची, बालगृहाचं फाटक लावायचं आणि म्हणायचं, "आता तू स्वतंत्र!" हे ज्याने कुणी ठरवलं, तो स्वतः कधी एकटा राहिलाय का?

अशा मुलींना उभं करणं हे माझं काम. आमच्या रेखासाठी शहरातल्या गोरखपूर भागात खोली शोधायला मला दोन महिने लागले. आईवडील नाहीत म्हटलं की दार बंद. शेवटी एक काकू 'आठ दिवस ठेवून बघते' या बोलीवर तयार झाल्या. पाचव्याच दिवशी त्यांचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता ये." गेली खोली, म्हणत मी स्कूटी पळवली.

"अगं, ही पोरगी डोकं खाऊन राहिली माझं! काकू, आंघोळ करू? काकू, पंखा लावू? काकू, बाजारात जाऊ? मी काय वॉर्डन आहे?"

"तिथे सगळं विचारूनच करावं लागायचं, काकू. पण मग... खोली?"

"खोलीला काय झालं? तिचीच आहे ती. फक्त तिला समजव, विचारायचं नाही, नुसतं सांगून जायचं."

माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात पेपरमागून काका म्हणाले, "चाळीस वर्षं झाली, मला काहून नाही मिळाली ही सूट?"