दार कुठं होतं

आमची आई एकदा हटून बसली की काय होतं, ते ऐका. पंचाहत्तर-शहात्तर सालची गोष्ट. मनमाडला जाताना आम्ही दौंडला मामाकडे दोन दिवस थांबलो होतो. शेवटच्या दिवशी संध्याकाळची गाडी, आणि सकाळी वडिलांनी जाहीर केलं, "इनामगावला खोदकामात तीन हजार वर्षांपूर्वीची घरं निघालीत. आज बघायचीच."

"खड्डं बघाया एवढ्या लांब?" आई म्हणाली, पण आली.

खोदकामावरच्या साहेबांनी हौसेनं दाखवलं. "ही त्यांची चूल. आणि इथं दार असावं, असा अंदाज आहे." तिथं मावळतीच्या बाजूला, चुलीच्या समोरच, पांढऱ्या फक्कीनं दार आखलेलं होतं.

आईनं पदर खोचला. "दार हितं न्हाई. वारा मावळतीचा. दाराच्या तोंडाला चूल कोण बाई घालंल? धूर समदा घरात कोंडंल."

साहेब हसले. आई हसली नाही. माती वाहणारी एक म्हातारी पाटी खाली ठेवून म्हणाली, "म्या बी सकाळधरनं त्येच सांगतीया."

वडील घड्याळ दाखवायला लागले. "अगं, एसटी चुकंल!"

"चुकू द्या. आधी दार हलवू द्या."

शेवटी साहेबांनी स्वतः फक्की पुसून पलीकडं नवं दार आखलं. तेव्हा कुठं आई हलली.

दौंडला पोचलो तर गाडी निघून गेलेली. वडील बाकावर मटकन बसले. "तीन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या बाईपायी गाडी घालवलीस!"

आई म्हणाली, "आपल्याला उद्या दुसरी गाडी हाय. तिनं धुरात आणखी किती दिस काढायचं?"